अंधाराला न कळणारा दिवा

"काका, अंधाराला कळणार नाही असा दिवा आहे का हो तुमच्याकडे?"

प्रश्न विचारून झाल्यावर टकळीने गालाचा आतला भाग दातांनी घट्ट धरला. पैजेची अटच तशी होती: हसायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, आणि दुकानदाराने हाकललं तरी उत्तर घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. मागे, काचेच्या दाराला नाकं लावून, काडी आणि ढमी या तिच्या वर्गमैत्रिणी उभ्या होत्या. काडी नावाप्रमाणे काडीच होती. ढमीचं मात्र नाव तेवढं बाळसेदार उरलं होतं. अंग केव्हाच उतरलं, पण पहिलीत चिकटलेलं नाव उतरायला तयार नव्हतं. दोघी एकमेकींच्या दंडाला चिमटे काढून हसू दाबत होत्या, आणि ते दाराच्या फटीतून फिस्सकन आत येत होतं.

खरं तर प्रश्न अर्धा टकळीचाच होता. बाबांनी तिला वाढदिवसाला ई-रीडर कबूल केला होता, "तुझं तू निवड, मी येऊन घेऊन जाईन" असं म्हणून. वाटेत ती मैत्रिणींना समजावत होती की तिला अंधारात वाचायचंय, पण खोली उजळायला नको. भिंतीवर कवडसा नको, छतावर नको, कुठ्ठेच नको.

"म्हणजे अंधाराला पत्ता लागायला नको!" काडी म्हणाली होती. "विचार की मग असंच. आहे हिंमत?"

हिंमत! वर्षभर या मुलीने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. नाव टकळी, आणि तोंडातून चकार शब्द नाही. नावाने लाजून जीव द्यावा. मग महिन्यापूर्वी भाषेच्या बाईंनी विचारलं, "धडा कोण वाचणार?" आणि टकळीने काही ठरवायच्या आत तिचा हातच वर गेला. वाचता वाचता जो बांध फुटला तो फुटलाच. आता ती बसच्या चालकापासून मुख्याध्यापिकेपर्यंत कुणालाही काहीही विचारत होती. दुकानदार किस झाड की पत्ती.

दिवेवाले काका हसले मात्र नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"अंधारात कोण असतं?"

"कोणी नाही," टकळी म्हणाली. जरा जास्तच झटकन म्हणाली.

"मग कळलं त्याला तर काय बिघडतं?"

टकळी काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. काकांनीही ताणलं नाही. ते खाली वाकले आणि एकेक वस्तू काढून काउंटरवर मांडू लागले. पुस्तकाला चिमट्याने लावायचा दिवा. गळ्यात अडकवायचा, दोन सोंडांचा. कपाळावर बांधायचा. तोवर मैत्रिणी आत आल्याच होत्या, आणि कपाळावरचा दिवा ढमीने लगेच बांधून पाहिला.

"दिवा कितीही लहान घे," काका म्हणाले, "तो चहाडखोर असतो. कागदावर पडला की तिथून उडून थेट छताला जाऊन सांगतो. फोन तर त्याहून वाईट. तो तुझ्याच डोळ्यांत बघत बसतो. हे बघ, हा मात्र शहाणा आहे." त्यांनी एक पातळ, करडी पाटी पुढे सरकवली. "याचा उजेड मागून येत नाही. कडेने येतो, पानावर पसरतो आणि तिथेच थांबतो. कमी करता येतो, पिवळट करता येतो. पांढरा उजेड टोचतो, पिवळा टोचत नाही."

"टोचायला नकोच," टकळी म्हणाली.

दोन रीडर होते. एकाला पान उलटायला कडेला बटणं होती, दाबलं की बारीकसा टक आवाज व्हायचा. दुसऱ्याला बटणच नव्हतं, बोट फिरवायचं. पहिला हातात छान बसत होता. पण टकळीने त्याचं बटण एकदा दाबलं, आवाज ऐकला आणि तो बाजूला ठेवला.

"आवाजाचा नको."

"अगं, केवढासा आवाज तो!" काडी म्हणाली.

"नको म्हटलं ना."

दुकानाच्या मागच्या बाजूला, दोन काळ्या पडद्यांआड, कपाटाएवढी एक जागा होती. गिऱ्हाइकाने दिवा अंधारात पारखून घ्यावा, असा काकांचा नियम. "अंधारातली वस्तू उजेडात बघून घेणं म्हणजे झोपेत जोडा मापून बघणं," असं काहीतरी म्हणत त्यांनी तिला आत सोडलं. एका वेळी एकच माणूस. आत एक स्टूल होतं आणि नव्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचा वास. टकळीने रीडर मांडीवर घेतला. पान फिकट मधाच्या रंगाने उजळलं. तिने भिंतीकडे पाहिलं: काही नाही. छताकडे पाहिलं: काही नाही. उजेड खरंच जागच्या जागी बसला होता. रीडरवर नमुन्याचा कुठलासा उतारा होता, तो ती सवयीने हळू आवाजात वाचू लागली.

डाव्या मनगटावर कुणीतरी बोटाने दोनदा मारलं. टक टक.

"थांब ना काडे," ती पुटपुटली, आणि न बघताच उजेड एक घर कमी केला. वाक्य पूर्ण केलं. पडदा सारून बाहेर आली.

काडी आणि ढमी काउंटरपाशी होत्या. दोघींच्या कपाळावर दिवे होते आणि दोघी एकमेकींचे डोळे दिपवत होत्या.

"आत कोण आलं होतं गं तुमच्यातलं?"

"आत? काका सोडतायत होय!" ढमी म्हणाली. "काय झालं? अंधाराला कळलं वाटतं?"

दोघी खिदळल्या. टकळीही हसली. पण परत जाताना तिने डावा हात खिशात घालून ठेवला होता, आणि उन्हं चांगली असूनही ते मनगट तेवढं गार होतं.

त्या टकटकीचं असं होतं की ती जगात फक्त दोघींना माहीत होती. आणि त्या दोघींपैकी एक गेल्या वर्षी गेली होती.

टकळीची ताई. तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. टकळी लहान असताना ताई तिला वाचून दाखवायची, आणि काय वाचायची! गोष्टीत कुणी बोलणार असेल की ताई आधी घसा खाकरायची. राजा असो, उंदीर असो, बोलण्याआधी एक बारीकसं 'ह्हं'. "त्यांना माझ्या गळ्यातून बाहेर यायचंय, तर वाट नको मोकळी करून द्यायला?" असं तिचं म्हणणं. टकळी दोन्ही हात गालाखाली घेऊन ऐकायची आणि 'ह्हं' आलं की डोळे मोठे करायची, कारण आता कुणीतरी बोलणार.

मग ताई आजारी पडली. उजेड तिच्या डोळ्यांना सोसेना. आधी ऊन, मग ट्यूबलाइट, मग फ्रिजच्या आतला दिवासुद्धा. डोळ्यांत सुया गेल्यासारखं व्हायचं. बाबांचा धंदा खिडक्यांना काचा बसवण्याचा. लोकांच्या घरात उजेड आणून सोडणारा माणूस. त्याच माणसाने मुलींच्या खोलीच्या खिडक्यांवर काळे कागद चिकटवले, कोपरे बोटाने घासून घासून, एक टाचणीएवढी फट राहू नये म्हणून. काम झाल्यावर ते बाहेर येऊन किती तरी वेळ आपल्या हातांकडे बघत उभे होते.

वाचणारी आता टकळी झाली. शाळेतून आली की त्या भरदुपारच्या अंधारात ती फोनवर, पांघरुणाच्या आड, ताईला गोष्ट वाचून दाखवी. बोललं तरी ताईचं डोकं ठणके, म्हणून दोघींनी खुणा ठरवल्या. ताई पलीकडच्या पलंगावरून हात लांब करायची आणि टकळीच्या मनगटावर बोट मारायची. एकदा मारलं तर 'पुढे वाच'. दोनदा मारलं तर 'उजेड कमी कर'. फोनचा उजेड किती कमी करणार? शेवटी शेवटी तर नुसती दोन-दोनच टकटक यायची. ताईच म्हणाली होती, आपण ई-रीडर घेऊ, मऊ उजेडाचा. ते ठरलं, आणि राहून गेलं.

पुस्तकही राहून गेलं. एका नावाडणीची गोष्ट होती ती. नदीवर ती लोकांना या तीरावरून त्या तीरावर सोडायची. एके संध्याकाळी नाव पलीकडे लागली, सगळे उतरले आणि एक उतारू बसूनच राहिला. नावाडीण म्हणाली, "उतरायचं नाही का?" तो म्हणाला, "अजून किनारा आला नाही." तिथे पान संपलं होतं, आणि ताईने एकदा टक केलं होतं, आणि आई औषध घेऊन आली होती, म्हणून टकळी म्हणाली होती, "उद्या."

त्यानंतर वर्ष गेलं. टकळी हॉलमध्ये सोफ्यावर झोपू लागली. खोली तशीच. काळे कागद तसेच. आई शाळेत गणित शिकवायची, ती रजेवर गेली ती गेलीच. रोज दुपारी ती त्या खोलीत जाऊन बसे आणि बाहेर आली की घरातल्या उजेडात डोळे बारीक करून चाचपडत चाले. बाबांना ते बघवेना.

"अगं, कागद काढू या आता," ते एका रविवारी म्हणाले. "वारा येऊ दे खोलीत. तूच पिवळी पडत चाललीयेस."

"तिचं पुस्तक अर्धवट राहिलंय," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे ऐकणाऱ्या माणसाला असं गोष्टीच्या मधून उठवू नये. कागद निघायचे नाहीत. आणि दिवाही लावायचा नाही तिथे."

यावर बोलली ती टकळी. तोंड नुकतंच सुटलं होतं तिचं, ते थांबतंय थोडंच! "मी संपवते ना पुस्तक. तिथेच बसून, दिवा न लावता. संपलं की कागद काढायचे. चालेल, आई?"

आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "चालेल," ती म्हणाली.

तर असा हा ई-रीडर. मैत्रिणींना वाटलं चैन. टकळीला मात्र आईला खोलीतून बाहेर काढायचं होतं, आणि तिच्या हातात दुसरं काहीच नव्हतं.

पहिल्या दुपारी आई आत आली नाही. "मी असले की रडेन, आणि तिला... तुला वाचता यायचं नाही," ती म्हणाली आणि दाराबाहेर पाटावर बसली. टकळीने दार लोटलं. डोळ्यांसमोर हात धरला तर हात दिसेना. पायाने अंदाज घेत ती आपल्या पलंगावर गेली. खोलीला अजून ताईच्या मलमाचा वास होता, आणि बंद कापडाचा. तिने रीडर उघडला, मधाळ पान उजळलं, आणि तिने मुद्दाम ठणठणीत आवाजात सुरुवात केली, जशी वर्गात करायची तशी.

पहिलं पान झालं.

टक टक.

ती दचकली नाही. खरं सांगायचं तर दुकानातून आल्यापासून ती त्याचीच वाट बघत होती. तिने उजेड एक घर कमी केला. मनगटावर एकदाच, हलकंसं, टक झालं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ती पुढे वाचू लागली.

घरात कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? काडीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती डॉक्टरकडे जा, आणि काडीचं बरोबरच असतं. टकळीने स्वतःच पडताळून पाहिलं होतं. पंखा बंद ठेवला. मनगटातलं घड्याळ काढलं. एक दिवस लांब बाह्यांचा स्वेटर घातला, तर टकटक कापडावरून आली, थोडी मऊ होऊन.

आणि गंमत अशी की घर बदलायला लागलं. आई दाराबाहेर बसून ऐकत होती, आणि ऐकलेलं तिच्या पोटात राहीना. जेवताना ती बाबांना सांगू लागली. तो उतारू नावेतून उतरतच नाही. नावाडीण वैतागली, ओरडली, मग तिला सवय झाली. लोक नावेत चढले की आपसूक त्याच्यासाठी जागा सोडून बसतात.

"फुकट्या आहे लेकाचा," बाबा म्हणाले.

"अहो, फुकट्या काय! त्याला किनारा दिसतच नाहीये."

"सगळ्यांना दिसतो, त्याला बरा दिसत नाही."

"तुम्हाला नाही का, चष्मा डोक्यावर असून सापडत नाही?"

बाबा हसले. वर्षात पहिल्यांदा त्या टेबलावर कुणी हसलं, आणि तिघेही एकदम थांबले, एकमेकांकडे चोरून बघत, जणू काही फुटलं की काय. काही फुटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईने हॉलचा पडदा स्वतःहून सारला. त्यानंतर काही दिवसांनी तिने शाळेत फोन केला. टकळीला हवं होतं ते सगळं होत होतं.

फक्त पुस्तक संपत आलं होतं. आणि टकळी आता हळू वाचायला लागली होती.

खोलीत रोज दोन टकटक येत होत्या, आणि रोज उजेड घराघराने खाली उतरत होता. मधाचा रंग आधी चहासारखा झाला, मग तोही गेला. डोळे सरावतात, टकळी स्वतःला म्हणे. शास्त्राच्या पुस्तकात आहे तसं. बाहुल्या मोठ्या होतात. एक दिवस टकटक झाली, ती उजेडाच्या पट्टीवर बोट न्यायला गेली, आणि तिला आठवलं की पट्टी कालच रिकामी झाली होती. उजेड शून्यावर होता. मग ती काय वाचत होती?

पण पान तर समोर होतं. म्हणजे, तिला पुढचं वाक्य कळत होतं.

ती क्षणभर थांबली. पलीकडच्या पलंगाची फळी करकरली, कुणी कुशीवर वळावं तशी.

टक. पुढे वाच.

तिने वाचलं.

रीडर चार्ज होत नसल्याचं तिच्या लक्षात आलं ते त्याच आठवड्यात. वायर लावायची जागा सैल झाली होती. जेवताना ती तसं म्हणाली आणि विसरून गेली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली, दूध प्यायली, ढमीची नक्कल करून आईला हसवलं आणि खोलीत गेली. दार लोटलं. आई पाटावर बसल्याचा आवाज आला.

शेवटून दुसरं प्रकरण होतं. नदीवर धुकं उतरलं होतं, दोन्ही तीर दिसेनासे झाले होते. नावाडणीचे हात भरून आले होते. तेव्हा इतके दिवस नुसता बसून राहिलेला तो उतारू उठला.

ह्हं.

"वल्ही माझ्याकडे दे," तो म्हणाला. "तू बस जरा. कधी बसलीच नाहीस तू या नावेत."

आणि नावाडीण आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच नावेत उतारू होऊन बसली. पाण्याचा आवाज तिला वेगळाच ऐकू आला. तिने विचारलं.

ह्हं.

"तुला वाट माहीत आहे?"

टकळीला फार शांत वाटत होतं. फार लहान झाल्यासारखं वाटत होतं. प्रकरण कधी संपलं ते तिला कळलंच नाही. बाहेर आली तेव्हा आई पाटावर नव्हती. स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून, पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती.

"काय झालं, आई?"

"काही नाही. आज छान वाचलंस."

संध्याकाळी बाबा आले. बूट काढता काढता त्यांनी पिशवीतून एक खोकं काढून टकळीपुढे धरलं.

"घे बाई तुझं यंत्र. वायरची जागा नीट करून दिलीय. आणि दिवेवाल्यांचा निरोप आहे. पोरीला म्हणावं, उजेड शून्यावर ठेवून वाचू नये. शून्यावर काही दिसत नाही."

टकळीने खोकं हातात घेतलं.

"हा कधी नेलात तुम्ही?"

"सकाळी. तू आंघोळीला गेली होतीस. का गं?"

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

टकळी आठवू लागली. दुपारी मी आत गेले. पलंगावर टेकले. रीडर घ्यायला टेबलाकडे हात केला? नाही केला. तिला आठवत होते ते फक्त आपले हात. दोन्ही गालाखाली होते. रोज वाचून घसा कोरडा पडायचा. आज उशाजवळचा पेला तसाच भरलेला राहिला होता.

आणि मनगटावर आज टकटक झालीच नव्हती.

झाली होती ती दुसरीकडे. 'तुला वाट माहीत आहे?' नंतर आवाज जरा थांबला, तेव्हा टकळीनेच हात लांब केला होता. अंधारात बोटाला काहीतरी बारीक, गार लागलं होतं. आणि तिने त्यावर एकदा मारलं होतं.

टक.

"आज तू दर बोलण्याआधी घसा खाकरत होतीस," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "मी म्हटलं, सर्दी झाली असेल पोरीला."

"मला सर्दी नाहीये, आई."

"माहीत आहे."

बाबा एकीकडून दुसरीकडे बघत होते. एका पायात बूट, एक पाय मोकळा. "काय चाललंय तुम्हा दोघींचं? मला कुणी सांगेल का?"

आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बाबा हळूच खुर्चीत बसले. कदाचित त्यांना कळलं. त्यांचे डोळे बंद दाराकडे गेले, ज्याच्या आतल्या काळ्या कागदांचे कोपरे त्यांनी स्वतःच्या बोटांनी घासले होते.

"किती राहिलंय?" आईने विचारलं.

"एक प्रकरण."

"मग राहू दे," आई घाईने म्हणाली. "राहू दे ना ते. कागद... कागद असू देत. कशाला संपवायचं? मी आता बरी आहे. मी शाळेत जाईन, खरंच जाईन. पण ते एवढं राहू दे, बाळा."

टकळीला वाटलं, हो म्हणावं. दर दुपारी आत जावं, हात गालाखाली घ्यावेत आणि तेच ते जुनं प्रकरण पुन्हा पुन्हा ऐकावं. कुणाचं काय जात होतं! तिच्या घशात ते 'हो' येऊन बसलंही. मग तिला दिसली ती नाव. एवढ्या धुक्यात, हातात वल्ही धरून, तीर नसलेल्या नदीत, कुणी 'किनारा आला' असं सांगितलं नाही म्हणून थांबून राहिलेली ताई. किती गारठत असेल तिथे.

तिने डोळे पुसले. खोकं न उघडताच बाबांच्या पुढ्यात ठेवलं आणि ताठ उभी राहिली, वर्गात धडा वाचायला राहायची तशी.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्या दुपारी शेवटचं प्रकरण. बाबा, तुम्ही लवकर या. दिवा नको, हे यंत्रही नको. पाटावर कुणी बसायचं नाही, दोघांनीही आत यायचं. मनगटावर कुणी बोट मारलं तर घाबरायचं नाही, रडायचंही नाही. गोष्ट संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. संपली की मग बाबा, कागद तुम्ही काढायचे, तुमच्या हातांनी. आणि बसताना माझ्या पलंगावर बसा दोघं, माझ्या शेजारी. तिकडच्यावर नको. तिकडे जागा नाहीये."